स्पॅनिशचं पहिलं सत्र: इंग्रजीला वळसा घालून

कॉलेजात स्पॅनिश घेतलं की पुस्तक बहुधा इंग्रजी विद्यार्थ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं मिळतं, वर्ग इंग्रजीतून चालतो आणि मोबाईलवरचं ॲपही इंग्रजीतूनच प्रश्न विचारतं. मग मराठी मुलं मनातल्या मनात मराठीचं इंग्रजी करतात आणि त्या इंग्रजीचं स्पॅनिश. या दुहेरी हमालीत नको त्या चुका होतात. गंमत अशी की इंग्रजी माणूस ज्या गोष्टींपाशी महिनोन्महिने अडतो, त्यातल्या बऱ्याच मराठीत घरच्याच आहेत. पुढचा क्रम 15 आठवड्यांचं सत्र आणि आठवड्याला 4 तास वर्ग असं धरून दिला आहे. तुमचा कोर्स वर्षभराचा असेल तर तोच सैल करून घ्या.

पायरी 1: पहिले दोन आठवडे फक्त तोंड

व्याकरणाची घाई नको. आधी पाच स्वर: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, आणि मुख्य म्हणजे आपला ‘अ’ स्पॅनिशमध्ये नाहीच. केळ्याला ‘बानाना’ म्हणताना तिन्ही ‘आ’ सारखेच स्वच्छ यायला हवेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. ती सवय इथे सोडायची, लिहिलेला प्रत्येक स्वर उच्चारायचा.

प, त, क मराठीतलेच, हवेचा झोत नाही. इंग्रजी मुलांना हे शिकायला वेळ लागतो, आपल्याला फुकट मिळतं. पण रोमन लिपी दिसली की जीभ इंग्रजीकडे घसरते आणि ‘तोमाते’चं ‘टोमाटे’ होतं. ‘ट’ आणि ‘ड’ विसरून जा. सगळं दंत्य: ‘तू’, ‘दोस’ (दोन), ‘तोदो’ (सगळं).

‘च’ खास मराठी अडचण आहे. आपल्याकडे ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा. स्पॅनिशला फक्त ‘चार’मधला चालतो. ‘नोचे’ (रात्र) आपोआप बरोबर येतं, कारण ‘चे’ आपण तसाच म्हणतो. ‘मूचो’ (पुष्कळ) मात्र ‘चोर’च्या वळणावर जातं. वहीत ‘मूच्यो’ असं लिहून ठेवा.

एच हे अक्षर मुकं असतं, म्हणून अभिवादनाचा शब्द ‘ओला’. ‘जे’ या अक्षराचा उच्चार घशातून घासत येतो. आपला ‘ख’ म्हणताना हवा अडते आणि सुटते, तिथे न अडवता नुसती घासत सोडायची. जमत नसेल तर साधा ‘ह’ म्हणा. क्युबात आणि कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तसंच बोलतात. बी आणि व्ही यांचा आवाज एकच. शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’, दोन स्वरांच्या मध्ये ओठ पुरते न मिटता केलेला ‘ब’. कानाला फरक कळत नसल्याने श्रुतलेखनात मार्क इथेच जातात. हे शब्द डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात.

‘र’ दोन आहेत. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. पहिला आपला रोजचा र. दुसरा ‘भुर्रकन उडाला’मधला. तो म्हणता येत असेल तर स्पॅनिशचा सगळ्यात बदनाम आवाज तुम्हाला येतोच. फक्त ध्यानात ठेवायचं की शब्दाच्या सुरुवातीचा एकेरी आर सुद्धा नेहमी भुर्रकनचाच असतो. ‘रोसा’ (गुलाब) म्हणताना मराठी मुलं हमखास हलका र लावतात.

डोक्यावर लाट असलेला एन म्हणजे ‘न्य’. वय सांगताना ‘तेंगो वेइन्ते आन्योस’ (मी वीस वर्षांचा आहे) म्हणायचं असतं. ‘न्य’चा ‘न’ केलात तर ‘वर्षं’ऐवजी शरीराच्या मागच्या बाजूच्या अवयवाचं नाव येतं. शिक्षक हसू दाबतात, वर्ग दाबत नाही.

पहिले दोन आठवडे उच्चार देवनागरीत टिपायला हरकत नाही, रोमन टिपणांपेक्षा ते अचूक असतात. तिसऱ्या आठवड्यात मात्र बंद करा. कारण आघात, म्हणजे उच्चारातला जोर. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो आणि ‘आब्लो’ म्हणजे तो बोलला. पहिल्यात जोर ‘आ’वर, दुसऱ्यात ‘ब्लो’वर. ‘पापा’ म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, जोर शेवटी गेला तर बाबा. देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात, आणि मराठीत जोराने अर्थ बदलत नसल्यामुळे आपला कान याबाबतीत आळशी असतो.

नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात म्हटला जाणारा तुकडा, ‘मे-सा’मध्ये दोन): ‘मेसा’, ‘आब्लान’. दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या अवयवावर: ‘आब्लार’, ‘उनिबेर्सिदाद’. हा नियम मोडणाऱ्या शब्दावर तिरकी रेघ काढलेली असते. म्हणजे न ऐकलेला शब्दही बरोबर वाचता येतो. रोज दहा शब्द बाकावर टिचकी मारत वाचा, जोराच्या जागी टिचकी. पंधरा दिवसांत सवय बसते.

टाइप करताना रेघा गाळू नका. मोबाईलवर स्पॅनिश कीबोर्ड जोडा किंवा अक्षर दाबून धरा. विंडोजवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर 164 म्हणजे लाटेचा एन, 160 म्हणजे रेघेचा आ, 130 ए, 161 इ, 162 ओ, 163 उ, आणि 168 म्हणजे प्रश्नाच्या सुरुवातीला लागणारं उलटं प्रश्नचिन्ह.

पायरी 2: तिसऱ्या ते नवव्या आठवड्यापर्यंतचं व्याकरण

सुरुवात ‘आवडणे’पासून करा, पुस्तकात तो धडा सहावा असला तरी. ‘मला चहा आवडतो’: ‘मे गुस्ता एल ते’. ‘मला आंबे आवडतात’: ‘मे गुस्तान लोस मांगोस’. शब्दाला शब्द जुळतो. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे आणि आवडून घेणारा ‘ला’मध्ये. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी ‘यो गुस्तो’ म्हणतो आणि ते चूक असतं. मराठीतून आलात तर ती चूक सुचणारच नाही. याच साच्यातली आणखी तीन वाक्यं लगेच पाठ करा: ‘मे दुएले ला काबेसा’ (माझं डोकं दुखतंय), ‘मे पारेसे’ (मला वाटतं), ‘मे फाल्ता तिएम्पो’ (मला वेळ कमी पडतो). मराठी मुलं इथे चुकतात ती ‘एल’, ‘ला’, ‘लोस’ गाळून. आपल्याकडे उपपदं नसल्यामुळे ‘मे गुस्ता ते’ आपल्याला पूर्ण वाटतं. स्पॅनिशला ते अर्धवट वाटतं.

दुसरा घरचा मुद्दा. ‘मी घर पाहतो’, पण ‘मी मारियाला पाहतो’. घराला ‘ला’ नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्ये ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’. हा ‘आ’ समजावायला इंग्रजी पुस्तकं पानभर खर्च करतात. तुम्ही मराठीत ‘ला’ लागतो का एवढं पाहा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं. सर्वनामांची जागाही ओळखीची: ‘लो बेओ’ म्हणजे ‘त्याला पाहतो’, कर्म आधी, क्रियापद मागून. आणि ‘मी’ गाळून ‘जातो’ म्हणायची आपली सवय स्पॅनिशमध्ये अगदी शिष्टसंमत आहे. प्रत्येक वाक्याला ‘यो’ लावणारा विद्यार्थी इंग्रजीतून आलाय हे लगेच कळतं.

क्रियापदाला लिंग नाही: तो बोलतो, ती बोलते, दोन्हींना ‘आब्ला’. लिंग नाम आणि विशेषणात असतं, दोनच. पुस्तक, टेबल, घर ही आपली नपुंसकलिंगी मंडळी तिथे विभागली जातात: ‘एल लिब्रो’, ‘ला मेसा’, ‘ला कासा’. शेवटी ओ असेल तर बहुधा पुल्लिंग, आ असेल तर बहुधा स्त्रीलिंग. पण ‘ला मानो’ (हात), ‘ला फोतो’ एकीकडे आणि ‘एल दिआ’ (दिवस), ‘एल मापा’, ‘एल प्रोब्लेमा’ दुसरीकडे, हे अपवाद पहिल्याच महिन्यात भेटतात. पाणी स्त्रीलिंगी असूनही ‘एल आग्वा’, कारण शब्द जोरदार ‘आ’ने सुरू होतो आणि ‘ला आग्वा’ तोंडात अडकतं. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच: ‘एल आग्वा फ्रिआ’. वहीत नाम एकटं कधीच लिहू नका, उपपदासकट लिहा.

विशेषणं: मराठीत ‘चांगला’ बदलतो, ‘लाल’ बदलत नाही. तिथेही ‘बुएनो’चं ‘बुएना’ होतं आणि ‘बेर्दे’ (हिरवा) लिंगाप्रमाणे बदलत नाही. सापळा वचनात आहे. आपण ‘लाल गाडी, लाल गाड्या’ म्हणतो, पण ‘बेर्दे’चं अनेकवचनात ‘बेर्देस’ करावंच लागतं. परीक्षेच्या निबंधात हा एस सगळ्यात जास्त गळतो. आणि विशेषण सहसा नामाच्या मागून येतं: ‘कासा ब्लान्का’.

आता मराठी जिथे हात देत नाही ती जागा. आपलं एक ‘आहे’ तिथे तीन ठिकाणी वाटलं जातं: ‘सेर’, ‘एस्तार’ आणि ‘आय’. कायमचं ते ‘सेर’, तात्पुरतं ते ‘एस्तार’ असा नियम सर्रास सांगतात. तो टिकत नाही. ‘तो मेला आहे’ याला ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, यापेक्षा कायमचं काय असणार? आणि ‘तीन वाजलेत’ याला ‘सोन लास त्रेस’, म्हणजे ‘सेर’चं रूप, जे मिनिटभरही टिकत नाही.

त्याऐवजी ‘एस्तार’चं मूळ पाहा: लॅटिन ‘स्तारे’, उभं राहणं. संस्कृत ‘स्था’ याच मुळातला. म्हणून स्थान आणि स्थिती विचारली की ‘एस्तार’: ‘एस्तोय एन पुणे’ (पुण्यात आहे), ‘एस्तोय कान्सादा’ (दमले आहे). ओळख विचारली, म्हणजे कोण, कुठला, कशाचा, कसल्या स्वभावाचा, की ‘सेर’: ‘सोय दे पुणे’ (पुण्याचा आहे), ‘सोय एस्तुदिआन्ते’. एकच विशेषण दोन्हीकडे लावून पाहा म्हणजे फरक अंगात भिनतो: ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार आहे. ‘एस आबुर्रिदो’ कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रिदो’ कंटाळलेला. स्थानाला एक अपवाद आहे: कार्यक्रम. ‘ला फिएस्ता एस एन मि कासा’, कारण पार्टी तिथे ‘ठेवलेली’ नाही, तिथे ‘होणार’ आहे. उरलं ‘आय’. ‘इथे एखादी बँक आहे का?’ याला ‘आय उन बान्को?’, आणि ठरावीक बँक कुठे आहे याला ‘दोन्दे एस्ता एल बान्को?’

‘मला एक भाऊ आहे’, ‘माझ्याकडे वेळ आहे’, ‘मी वीस वर्षांचा आहे’, ‘मला भूक लागली आहे’: ही चारही वाक्यं तिथे ‘तेनेर’ या एकाच क्रियापदात बसतात. भूक हे नाम असल्याने ‘खूप भूक’ला ‘मूचा आम्ब्रे’ म्हणायचं. इंग्रजीवरून आलेलं ‘मुय आम्ब्रे’ चूक.

भूतकाळ पहिल्या सत्रात आला तर घाबरू नका. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ हा फरक आपल्याला येतो. ‘फुइ’ म्हणजे गेलो, ‘इबा’ म्हणजे जायचो.

नियमित क्रियापदांचे तीन गट आहेत, त्यांना वेळ कमी द्या. ‘सेर, एस्तार, तेनेर, इर, आसेर, पोदेर, केरेर, बेनीर, देसीर, साबेर’ ही दहा वेडीवाकडी क्रियापदं बोलण्यात सतत येतात. दर आठवड्याला दोन घ्या. तक्ता घोकण्याऐवजी प्रत्येक रूपाचं स्वतःला लागू होणारं एक वाक्य करा.

पायरी 3: तू, उस्तेद आणि कुठली स्पॅनिश

‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला. म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. तू-तुम्हीचा विवेक आपल्याला शिकवावा लागत नाही, पण त्याच्या सीमा वेगळ्या आहेत. स्पेनमध्ये समवयस्क दुकानदाराला ‘उस्तेद’ म्हटलं तर परकेपणा जाणवतो. कोलंबियाच्या बोगोतात मित्रसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ चालतं. अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’, बाकी ठिकाणी ‘उस्तेदेस’. आणि सी-झेडचा जिभेचं टोक दातांत धरून केलेला आवाज स्पेनच्या बहुतेक भागात आहे, लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’. त्याला देवनागरीत ‘थ’ लिहितात खरं, पण तो आपला ‘थ’ नव्हे. वीस देशांत अधिकृत वापरात असलेल्या भाषेचा एकच शुद्ध नमुना शोधू नका. पहिल्या आठवड्यात शिक्षकांना विचारा की परीक्षेत कुठलं वळण धरणार, आणि वर्षभर ते एकच ठेवा.

पायरी 4: शब्द

रोज 10 नवे, आठवड्याला सहा दिवस. 15 आठवड्यांत 900 होतात. त्यातले निम्मे हाताशी राहिले तरी पहिल्या पातळीचं काम भागतं. काही शब्द तर आधीच घरात आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि ती आपल्याकडे बरंच काही ठेवून गेली. पगार: ‘पागार’ (पैसे देणे). पाव: ‘पान’. बिजागरी: ‘बिसाग्रा’. बादली: ‘बाल्दे’. चावी: ‘याबे’. बटाट्याबाबत जपा. स्पेनमध्ये तो ‘पाताता’. ‘बाताता’ मागितलात तर रताळं मिळेल.

दुसरी वाट अरबांची. नारंग इथून फारसी-अरबीमार्गे गेलं आणि ‘नारान्खा’ झालं, शर्करेचं ‘आसुकार’, कापराचं ‘आल्कान्फोर’, चतुरंगाचं ‘आखेद्रेस’ (बुद्धिबळ). फलाणा तर जवळपास तसाच आहे: ‘फुलानो’. अमका-तमका-फलाणा म्हणायला तिथे ‘फुलानो, मेन्गानो इ सुतानो’ म्हणतात.

इंग्रजीसारखे दिसणारे शब्द मात्र फसवतात. ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जायची वाट नव्हे, यश.

आकडे आपल्यापेक्षा कितीतरी सोपे. मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. तिथे 15 पर्यंत पाठ केले की पुढे जोडकाम: ‘त्रेइन्ता इ सिन्को’, तीस आणि पाच. आपण पस्तीसमध्ये पाच आधी म्हणतो, म्हणून ऐकताना 35 चे 53 होऊ शकतात. ‘सेसेन्ता’ (60) आणि ‘सेतेन्ता’ (70) यांचा गोंधळ तर ऐकण्याच्या परीक्षेत ठरलेला. आकडे नेहमी ऐकून लिहायचा सराव करा.

पायरी 5: संस्कृतीचे मार्क

या भागात मुलं फ्लामेन्को आणि बैलांच्या झुंजीचं चित्र चिकटवून मोकळी होतात. त्यापेक्षा रोजचं कामाचं धरा. स्पेनमध्ये जेवण दुपारी दोन-तीनला, रात्रीचं नऊच्या पुढे. म्हणून दुपारी साडेबाराला ‘बुएनोस दिआस’ ऐकलं तर बिचकू नका. ‘बुएनास तार्देस’ पुष्कळदा जेवणानंतर सुरू होतं. ‘तोर्तिया’ स्पेनमध्ये बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मक्याची पोळी. शाकाहारींनी ‘सोय बेखेतारिआना’ (पुरुष असाल तर ‘बेखेतारिआनो’) एवढ्यावर थांबू नये. ‘कार्ने’ म्हणजे अनेकांच्या लेखी लाल मांस. सॅलडमध्ये ट्यूना आणि भाजीत हॅमचे तुकडे निघतात. पुढे जोडा: ‘नि पोयो, नि पेस्कादो, नि खामोन’, म्हणजे कोंबडी, मासे, हॅमही नाही.

सणांमध्ये मेक्सिकोचा मृतांचा दिवस घ्या, 1 आणि 2 नोव्हेंबर. घरात वेदी मांडतात, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. सर्वपित्री पाहिलेल्याला हे वेगळं समजावं लागत नाही. वेदीवर वाहतात ते फूल म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू. तो मुळात मेक्सिकोचाच, तिकडचं नाव ‘सेम्पासूचिल’. प्रकल्पाला विषय हवा असेल तर हा चांगला आहे.

पायरी 6: परीक्षा

वर्गाच्या तोंडीत पाठ केलेली ओळख दोन वाक्यांत संपते आणि परीक्षक मध्येच विचारतात. म्हणून स्वतःबद्दलचे वीस प्रश्न जोडीदाराकडून उलटसुलट क्रमाने विचारून घ्या. ‘पुएदे रेपेतीर, पोर फाबोर?’ (पुन्हा सांगाल का?) हे वाक्य तयार ठेवा. ते वापरल्याने मार्क जात नाहीत, गप्प बसल्याने जातात.

बाहेरचं प्रमाणपत्र हवं असेल तर दोन मार्ग आहेत. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषा-संस्थेची डेले परीक्षा, हिचं प्रमाणपत्र कायम टिकतं, आणि सिएले, जिचं पाच वर्षं. डेलेच्या पहिल्या पातळीवर वाचन-लेखन हा एक गट आणि ऐकणं-बोलणं दुसरा. प्रत्येक गटात 50 पैकी 30 लागतात. एकात 45 आणि दुसऱ्यात 28 मिळाले तर नापास. लिहिण्यात पटाईत मराठी मुलं ऐकण्याच्या गटात अडकतात, म्हणून शेवटचे पाच आठवडे रोजच्या अभ्यासातला अर्धा वेळ ऐकण्याला द्या. आधी मजकूर न बघता दोनदा, मग मजकुरासह एकदा.

अर्ज भरताना नावाकडे लक्ष द्या. तिकडे माणसाला दोन आडनावं असतात, परंपरेने आधी वडिलांचं, मग आईचं. म्हणूनच कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना नुसतं ‘मार्केस’ म्हणणं चूक. आपलं ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ पाहून तिथला माणूस वडिलांच्या नावालाच पहिलं आडनाव समजतो आणि तुमची नोंद भलत्याच अक्षराखाली जाते. ‘आपेयिदो’ या रकान्यात आडनाव, ‘नोम्ब्रे’मध्ये उरलेलं, आणि सगळं पासपोर्टवर आहे अगदी तसंच.